वाचायला लावणारी माणसे (सोलापूर विभाग)

सोलापुरात लहान मुलांना वाचनाची गोडी लावण्याचे पहिले श्रेय उन्हाला द्यावे लागते. शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते आणि त्याच सुमारास पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात रस्त्यावर रिक्षा, कुत्री आणि लग्नपत्रिका वाटत फिरणारा एखादा वधुपिता एवढेच दिसतात. मुले घरात कोंडली जातात. कोंडलेले मूल पहिल्या दिवशी भावंडांशी भांडते, दुसऱ्या दिवशी कॅरमचा स्ट्रायकर हरवते, तिसऱ्या दिवशी पंख्याचे रेग्युलेटर उघडून बघते आणि मार खाऊन झाल्यावर, आता करण्यासारखे काहीच उरले नाही म्हणून, हाताला लागेल ते पुस्तक उघडते. "झोपायचं नसेल तर गप वाचत तरी पड," या एका वाक्याने जेवढे वाचक घडवले तेवढे कोणत्याही सरकारी उपक्रमाने घडवले नसावेत. ते उच्चारणाऱ्या आईच्या मनात वाचनसंस्कृतीचा प्रसार अजिबात नसतो. तिला अर्धा तास डोळा लावायचा असतो.

वाचनाचे वेड लावणाऱ्या बहुतेक माणसांचे हेच मुख्य लक्षण आहे. आपण काही थोर काम करतो आहोत, याचा त्यांना पत्ता नसतो. ठरवून गोडी लावायला निघालेल्यांचे यश त्या मानाने बेताचे असते. वाढदिवसाला थोर पुरुषाचे चरित्र भेट देणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. ते पुस्तक देताना पहिल्या पानावर झोकदार अक्षरात आशीर्वाद लिहितात, पुढच्या भेटीत "वाचलंस का?" असे विचारतात, आणि 'हो' म्हटल्यास "मग सांग, त्यांचा जन्म कुठं झाला?" असा पुढचा प्रश्न टाकतात. या काकांमुळे सोलापुरातली कित्येक मुले पाहुणे आल्याची चाहूल लागताच गच्चीवर जायला शिकली. चरित्राचे पहिले पान आणि शेवटचे पान वाचून मधला मजकूर अंदाजाने सांगण्याची विद्याही त्यांनीच दिली, आणि ती पुढे महाविद्यालयात उपयोगी पडली.

घरातल्या उपकारकर्त्यांचा विचार करताना सोलापूरची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. इथे घरात एक भाषा, शाळेत दुसरी, गल्लीत तिसरी आणि भांडणात चौथी चालते. गिरण्या आणि माग यांच्यामागे आलेली तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच असलेली कन्नडभाषक मंडळी, उर्दू आणि दखनी बोलणारे मोहल्ले, आणि या सर्वांना 'बे' या एका अक्षरात बांधणारी सोलापुरी मराठी. अशा गावात पोराला वाचायला कोणत्या भाषेत शिकवायचे, हा प्रश्न तज्ज्ञांनी सोडवण्याआधीच एका मासिकाने सोडवला. मद्रासहून निघणारे 'चंदामामा' जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाले. पुढे ते कन्नडमध्ये आले आणि १९५२ पासून 'चांदोबा' या नावाने मराठीत. गोष्टी त्याच, चित्रेही तीच. त्यामुळे दाजी पेठेतल्या एखाद्या घरात मराठी शाळेत जाणारा नातू चांदोबा वाचू लागला की अव्वा, म्हणजे आजी, चित्राकडे बघूनच पुढची गोष्ट तेलुगूत सांगून टाकी. नातू चिडे, पण अव्वाने सांगितलेला शेवट आणि छापलेला शेवट जुळतो का हे बघायला पूर्ण वाचून काढी. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांनी काढलेले विक्रम आणि वेताळाचे चित्र तर कोणत्याच भाषेचे मिंधे नव्हते. राजाच्या खांद्यावरचे प्रेत पूर्व भागातही तेवढेच जड होते आणि नव्या पेठेतही.

पुढे इंद्रजाल कॉमिक्स आले (ही मालिका १९६४ साली सुरू झाली) आणि घोटाळा वाढला. त्यातला घट्ट कपड्यांचा, कवटीच्या गुहेत राहणारा 'फँटम' आपल्याकडे वेताळ म्हणूनच ओळखला गेला. एक वेताळ प्रश्न विचारतो आणि दुसरा ठोसे मारतो, हा फरक ज्या थोरल्या बहिणीने समजावून दिला, ती खरे तर पहिली समीक्षक. तिचे नाव समीक्षेच्या इतिहासात नाही.

मागांच्या गावात वाचनाची एक वेगळीच परंपरा आहे, तिचाही इथे उल्लेख करायला हरकत नाही. चादरीवरची वेलबुट्टी ज्या जेकार्डवर विणली जाते, त्या यंत्राला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावलेली असते. जोसेफ जॅकार्ड या फ्रेंच गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बसवलेली ही पद्धत. यंत्र एकेक पुठ्ठा वाचते आणि त्याप्रमाणे धागे उचलते. म्हणजे सोलापूरच्या कित्येक घरांत मूल अक्षर ओळखायच्या आधी यंत्र वाचायला बसलेले असते, तेही शब्द न चुकवता आणि खाडखाड मोठ्याने. अशा आवाजात ज्याने पुस्तक वाचायची सवय लावून घेतली, त्याला पुढे आयुष्यात एकांत, शांतता, टेबलावरचा दिवा असले लाड लागत नाहीत.

विडी वळणाऱ्या बायकांचे ऋण याहून वेगळ्या जातीचे आहे. क्यूबामध्ये सिगारच्या कारखान्यांत कामगारांना पुस्तके वाचून दाखवणारा माणूस नेमण्याची प्रथा १८६५ च्या सुमारास हवानात सुरू झाली. त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत. तिथे द्युमाची कादंबरी इतकी आवडली की 'माँटे क्रिस्टो' नावाची सिगारच निघाली. केरळात कण्णूरकडे विडी कामगारांनी असाच वाचक बसवला. तो वर्तमानपत्र वाची आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत. सोलापुरात बायका पाने आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणून विड्या वळत आल्या, त्यामुळे पगारी वाचक नेमायला जागाच नव्हती. ते काम शाळेत जाणाऱ्या पोरावर पडे आणि त्याला पगार नसे. "नुसता बसून काय करायलास बे, वाच की मोठ्यानं," एवढाच नेमणुकीचा हुकूम. पोर पाठ्यपुस्तकातला धडा वाची, शेजारणी ऐकत, आणि धड्यातल्या गरीब पण प्रामाणिक लाकूडतोड्याने सोन्याची कुऱ्हाड नाकारली की एखादी म्हणे, "येडाच हाय." पोराला साहित्यातला आदर्शवाद आणि वास्तववाद यांतला भेद तिथेच कळे. शिवाय मोठ्याने वाचताना अडखळले तर वळणारे हात क्षणभर थांबत, आणि दिवसाअखेर हजार विड्या भरायच्या असल्यामुळे अडखळणे परवडत नसे. स्पष्ट उच्चार, योग्य विराम आणि श्रोत्यांकडे लक्ष ही वक्तृत्वाची अंगे याहून स्वस्तात शिकवणारी संस्था ऐकिवात नाही.

सगळे शिक्षण पुस्तकातूनच होते असेही नाही, आणि याचा ठळक पुरावा सोलापूरनेच दिला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात, तेलुगूभाषक घरात झाला. दयानंद महाविद्यालयात शिकून ते वनखात्यात गेले, तिथे छत्तीस वर्षे काढली, आणि रानावनाविषयी मराठीत असे लिहिले की शहरातल्या वाचकांना आपल्या खिडकीतला कावळाही नीट बघावासा वाटू लागला. 'चकवाचांदण' या आत्मकथनाचा हा लेखक अरण्यविद्येचे पहिले धडे दिल्याचे श्रेय देतो ते आईला आणि लिंबामामाला. विद्यापीठांचा नंबर नंतर लागतो. २००६ साली ७९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, त्याचे अध्यक्ष चितमपल्ली होते. याआधी १९४१ साली संमेलन सोलापुरात भरले तेव्हा अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. दोन संमेलनांच्या मध्ये पासष्ट वर्षे गेली. तेवढ्या काळात गावाने अध्यक्षच घरचा तयार करून ठेवला, हा शहाणपणा नोंदवण्यासारखा आहे. २०२५ मध्ये चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांचे निधन झाले. लिंबामामांच्या नावाने पुरस्कार कोणी सुरू केला नाही. मामा मंडळींच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे.

घराबाहेर पडल्यावर पहिले वाचनालय म्हणजे गल्लीतला दवाखाना. डॉक्टरांच्या बाकड्यावर मागच्या तीन वर्षांची मासिके पडलेली असत. मुखपृष्ठ गेलेले, कोडे कोणीतरी चुकीचे सोडवलेले, आणि गोष्टीच्या शेवटी 'क्रमशः'. पुढचा भाग वाचायचा तर पुन्हा ताप येणे भाग होते. कंपाउंडर मामांना हे कळत असावे. अंगात ताप नसलेल्या पोराला ते "बस, नंबर यायला वेळ आहे," म्हणत आणि नंबर शेवटपर्यंत येऊ देत नसत. केशकर्तनालयात सिनेमाची साप्ताहिके असत. तिथे वाचलेल्या मजकुराबद्दल मुलांनी घरी कधी चर्चा केली नाही, त्यामुळे त्या शाखेच्या कार्याचे मूल्यमापन झालेले नाही.

शेंगांच्या पुडीचेही तसेच. शेंगा हे सोलापूरचे कुलदैवत म्हणायला हरकत नाही, आणि पुडी बांधायला रद्दीचा कागद. त्यावर कधी अर्धी लघुकथा, कधी निम्मा अग्रलेख, कधी हरवलेल्या माणसाचा फोटो. संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठाला बसून शेंगा संपवल्यावर कागद उलगडून वाचणारे आणि 'नायिकेने दार उघडले आणि' इथे कागद संपल्यामुळे रात्रभर तळमळणारे मूल पुढे वाचक होणार हे नक्की असे. काहीजण पुढे लेखक झाले, कारण दारामागे कोण होते हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले.

थोरले आतेभाऊ आणि मामेभाऊ हा गट नैतिकदृष्ट्या संशयास्पद, पण परिणामकारक. उशीखाली बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा ठेवून झोपणारा मामेभाऊ घरात असला, की आठवीच्या आतल्या मुलांचा वाचनवेग आपोआप वाढे, कारण तो अंघोळीला गेल्यापासून बाहेर येईपर्यंत एक प्रकरण उरकावे लागे. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तके लिहिली. झुंजार आणि काळा पहाड यांनी मराठी पोरांना अंधारात जिना उतरायला शिकवले. "तुझ्या वयाचं नाही ते," एवढे बोलून पुस्तक कपाटावर ठेवणारा मामेभाऊ हा खरा प्रचारक. कपाटाची उंची आणि पोराची उंची यांतला फरक स्टुलाने भरून निघतो, हे त्याला ठाऊक असायचे.

शाळेत ग्रंथालय असे. ते एका कपाटात असे. कपाटाला कुलूप असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक जिल्हा परिषदेत मीटिंगला गेलेले असत. या साखळीमुळे पुस्तकांचे आयुष्य वाढले हे खरे. पण एखाद्या ऑफ तासाला एखाद्या बाई किल्ली मिळवून येत, टेबलावर पुस्तकांचा ढीग ओतत आणि म्हणत, "घ्या, आणि आवाज नको." ढिगातून कोणते पुस्तक हाती लागेल हे धक्काबुक्कीवर ठरे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मागच्या बाकावरच्या दांडगटांना मिळे, तर पुढच्या बाकावरच्या सभ्य मुलींना 'भाजीपाला लागवड'. बाईंना शांतपणे वह्या तपासायच्या असत. त्या तपासून होईपर्यंत बनेश फेणेची सायकल पुण्याच्या गल्लीबोळांतून भरधाव सुटलेली असे.

बक्षीस समारंभात मिळणारे पुस्तक बहुधा 'श्यामची आई' असे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. ते वाचून पोरे रडली, आणि तिसऱ्यांदा तेच बक्षीस मिळाल्यावर वेगळ्या कारणाने रडली. जादा प्रत मावसभावाच्या वाढदिवसाला जाई आणि दोनतीन वर्षांनी फिरून आपल्याच घरी येई. अशा रीतीने एकेका प्रतीने जेवढा प्रवास केला तेवढा परिवहनच्या बसने केला नसेल.

आता सार्वजनिक वाचनालय. सोलापुरात हा विषय निघाला की हिराचंद नेमचंद वाचनालयाचे नाव येतेच. शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे व्यापारी गृहस्थ, 'जैन बोधक' मासिकाचे संस्थापक. त्यांचे चिरंजीव वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. त्यांनी जहाजे चालवली, विमानांचा कारखाना काढला, मोटारी बनवल्या. उद्योगाच्या इतिहासात मुलाचे नाव मोठे, पण सोलापूरच्या पोरासोरांना आधी वडिलांचे नाव पाठ होते, कारण ते वाचनालयाच्या पाटीवर आहे. विमानात बसायचा योग येईल तेव्हा येईल. वाचनालयात जायला सायकल पुरते.

देणगीदाराचे नाव पाटीवर जाते, आणि ते योग्यच आहे. पण पोराच्या हातात प्रत्यक्ष पुस्तक ठेवतो तो देवघेव काउंटरवरचा माणूस. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असे त्यातले दोन आहेत. महाराष्ट्रातल्या काउंटरवर त्यांना स्थानिक दुरुस्त्या झाल्या. जिथे कपाटे बंद असत तिथे चिठ्ठीवर पाच नावे लिहून द्यायची, काउंटरवरचे मामा आत जायचे, आणि बऱ्याच वेळाने चिठ्ठीत नसलेले सहावेच पुस्तक घेऊन यायचे. "हे ने. ती सगळी बाहेर गेल्यात." ती खरोखर बाहेर गेली होती की मामांना शिडी चढायची नव्हती, याचा निकाल लागणे आता कठीण. पण झुंजारकथा मागायला आलेले पोर ज्यूल व्हर्नचे भाषांतर घेऊन परतले आणि आठवड्यात समुद्राच्या तळाशी जाऊन आले, अशा घटना या शिडीमुळेच घडल्या. सोलापूरहून समुद्र कोणत्याही बाजूने लांब आहे हे लक्षात घेतले तर मामांचे कार्य अधिकच उठून दिसते.

वाचनालयाच्या पुस्तकात आधीच्या वाचकांचेही योगदान असे. समासात 'छान', 'अतिशयोक्ती', 'लेखकाला सोलापूरचा उन्हाळा माहीत नाही' असे शेरे. रहस्यकथेच्या विसाव्या पानावर पेन्सिलीने 'खुनी म्हणजे मुनीम' अशी सूचना. ही सूचना निम्म्या वेळा खोटी असे. तिच्यामुळे पोरे कोणत्याही लिखित विधानावर लगेच विश्वास ठेवीनाशी झाली. बाइंडरने कडा कापताना प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर उडवलेले असे, त्यामुळे शब्दसंग्रह वाढला. शेवटचे पान गायब असले तर कल्पनाशक्ती.

कामगार चळवळीच्या या गावात आणखी एक दार होते. सोव्हिएत पुस्तके गुळगुळीत कागदावर, पक्क्या बांधणीची आणि किंमत अशी की विकणाऱ्यालाच संकोच व्हावा. प्रदर्शन लागले की लाल बावट्याचा एखादा कार्यकर्ता क्रांतीवरचे पुस्तक वडिलांच्या हातात देई आणि पोराला गप्प करण्यासाठी परीकथांचे पुस्तक पुढे करी. क्रांतीचे पुस्तक कपाटात गेले. परीकथांचे पुस्तक फाटेपर्यंत वाचले गेले. बर्फाचा गोळा सोडून बर्फ कधी न पाहिलेली मुले बेचाळीस अंश तापमानात घोंगडीवर पालथी पडून समोवार, स्लेज आणि बर्चच्या झाडांची काळजी करीत बसली. तो कार्यकर्ता आपण अयशस्वी झालो असे समजतो. त्याचा हिशेब चुकला आहे.

अलीकडे हे काम अधिकृतपणे होऊ लागले आहे. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आता फुकट, पडद्यावर बघता येतात. १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मुले हातात पुस्तक धरतात आणि फोटो काढून होईपर्यंत खाली ठेवत नाहीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. अभ्यासासाठी मोबाइल मागण्याला यामुळे शैक्षणिक आधार मिळाला, याबद्दल पोरे डिसले गुरुजींची कायमची ऋणी आहेत.

राहता राहिला प्रश्न या ऋणाच्या फेडीचा. लेखक झालेले लोक ते अर्पणपत्रिकेत फेडतात. तिथे आई, वडील, गुरुवर्य आणि कधीकधी पत्नी यांना जागा मिळते. कंपाउंडर, मामेभाऊ, शिडी न चढणारे मामा आणि 'येडाच हाय' म्हणणारी शेजारीण यांना अर्पण केलेले पुस्तक अजून प्रसिद्ध व्हायचे आहे. जे लेखक झाले नाहीत ते घर बदलताना कृतज्ञ होतात. मे महिन्यात, स्कूटरच्या पुढच्या जागेत दोन पोती घालून, एखादे गृहस्थ लहानपणीच्या वाचनालयात येतात आणि "इथंच वाढलो आम्ही," असे म्हणत पोती काउंटरवर ठेवतात. त्यात मुलाची अभियांत्रिकीची गाइडे असतात, वास्तुशास्त्र असते, 'मृत्युंजय'च्या दोन प्रती असतात आणि लग्नात मिळालेली पाककृती असते. ग्रंथपाल नाही म्हणत नाहीत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो, दर्जावर अनुदान ठरते, आणि दर्जासाठी ग्रंथसंख्या मोजली जाते. मोजताना गाइडही ग्रंथच.

पोत्याच्या तळाशी एखादे पुठ्ठा सुटलेले बालपुस्तक निघते. ग्रंथपाल सवयीने ठरलेले आतले पान उघडतात. तिथे याच वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो आणि मागच्या चिठ्ठीवर परत करण्याची, चाळीसएक वर्षांपूर्वी उलटून गेलेली तारीख. गृहस्थ भिंतीवरच्या पंख्याकडे बघतात. ग्रंथपाल पुस्तकाला नवा दाखल क्रमांक देतात, देणगीच्या रजिस्टरात नोंद करतात आणि छापील पावती फाडून पुढे करतात. पावतीवर 'आपण दिलेल्या ग्रंथदानाबद्दल संस्था आपली अत्यंत आभारी आहे' असा मजकूर असतो, आणि खाली कार्यवाहांची सही.